कुठं सापडलं, ते आधी सांग

गेल्या उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. बाणूरगडाच्या पायथ्याला त्यांची चार एकर जमीन आहे. खिशातून रुमालाची गाठ काढून त्यानं टेबलावर सोडली. तांब्याच्या दोन शिवराया म्हणजे जुनी नाणी, गंजलेल्या नालाचा तुकडा आणि शिशाच्या तीन गोळ्या. आठ हजारांचा मेटल डिटेक्टर त्यानं ऑनलाइन मागवला होता, आणि रान मोकळं होतं तोवर रोज संध्याकाळी हेडफोन लावून तो फिरत होता.

"सर, ह्याचं किती येत्याल?"

मी विचारलं, "सापडल्या कुठं?"

"आपल्याच रानात. माळाच्या अंगाला."

"माळाच्या अंगाला म्हणजे नेमकं कुठं? तिन्ही गोळ्या एका जागी होत्या का लांब लांब?"

तो गप्प झाला. त्याला आठवत नव्हतं. गोळ्या एकाच दिवशी सापडल्या की वेगवेगळ्या, हेही सांगता येईना. मला त्याचा राग आला. नंतर, तो गेल्यावर, त्या रागाची लाज वाटली. जागा लक्षात ठेवायची असते हे त्याला कुणी सांगितलं होतं? मी त्याला तीन वर्षं इतिहास शिकवला. सनावळ्या पाठ करून घेतल्या, पण एखादी वस्तू जमिनीत सापडली तर काय करावं, यावर एक तासही घेतला नाही.

बाणूरगड म्हणजेच भूपाळगड. १६७९ मध्ये दिलेरखानानं तोफा लावून हा गड घेतला. संभाजीराजे तेव्हा मोगलांच्या गोटात होते, गडावर फिरंगोजी नरसाळा किल्लेदार होता, आणि गड पडल्यावर हाती लागलेल्या सातशे जणांचा एकेक हात तोडण्यात आला. ही कथा आमच्या भागात पोराटोरांना ठाऊक आहे. पण मोगलांचे बंदूकवाले कोणत्या उतारावर उभे होते, गडावरची माणसं कुठून खाली उतरली, हे मी पोरांना कधी बोट करून दाखवू शकलो नाही. रुमालातल्या तीन गोळ्यांपैकी दोन गरगरीत वाटोळ्या होत्या, एक चपटी. शिशाची गोळी झाडून दगडावर आपटली की चपटी होते. बंदूक भरताना हातातून निसटली, तर शेकडो वर्षं गोलच राहते. वाटोळ्या गोळ्या विखुरल्यात तिथं झाडणारा उभा होता आणि चपट्या पडल्यात त्या बाजूला त्याचं निशाण होतं, इतका साधा हिशोब त्यातून मांडता येतो. अर्थात तीन गोळ्यांवरून लढाई उभी राहत नाही, आणि एखादी गोळी नंतरच्या शिकाऱ्याचीही असू शकते. तीस-चाळीस गोळ्या जागेसकट नकाशावर आल्या असत्या, तर मात्र काहीतरी बोलता आलं असतं. एका रुमालात बांधल्यावर उरलं ते पाच-सहा तोळे शिसं.

मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या अशा पोरांची संख्या सातारा-सांगलीत वाढते आहे. त्यावर दोन तऱ्हेची मतं कानावर येतात. एक म्हणतं, यंत्रं जप्त करा, ही सरळ लूट आहे. दुसरं म्हणतं, ज्याच्या रानात सापडलं त्याचं ते, सरकारचा संबंध काय? मला दोन्ही पटत नाहीत. ही हौस नोंदणीखाली आणावी, शिकवावी, आणि सापडलेल्या प्रत्येक वस्तूची जागा लिहून घेणं हीच तिची पहिली अट करावी, असं माझं मत आहे. वस्तू कुणाच्या कपाटात राहील हा प्रश्न त्यानंतरचा.

कायदा काय म्हणतो ते बघू. जमिनीत सापडलेल्या धनाबद्दल आपल्याकडे आजही १८७८ चा कायदा लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर सापडणाऱ्यानं कलेक्टरला लेखी कळवायचं. काय सापडलं, कुठं सापडलं, कधी सापडलं. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. धन बेवारस ठरलं तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि चौथा जमीनमालकाचा. सरकारला ते हवं असेल, तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देऊन घेता येतं. हे मी आमच्या पारावर सांगितलं तेव्हा एकाचाही विश्वास बसला नाही. 'सरकारला कळलं की सगळं जातं' हीच समजूत सर्वत्र आहे, आणि त्या समजुतीपायी नाणी रातोरात सोनाराकडं पोचतात. निम्मं नुकसान या अज्ञानानं केलं आहे.

उरलेलं निम्मं कायद्याच्या नजरेतच आहे. हा कायदा तराजू घेऊन बसतो. तांब्याची घागरभर नाणी त्याला दिसतात. १९४२ मध्ये वडूजच्या मोर्चावर झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी दिसत नाही, कारण तिचं पितळ भंगारात दहा रुपयांनाही जात नाही. बरं, पुरातन वस्तूंचा १९७२ चा कायदा तिला सांभाळेल म्हणावं, तर तिथं वस्तू निदान शंभर वर्षांची लागते. १९४२ ची पुंगळी शंभरीला पोचेल २०४२ मध्ये. तोवर ती ना धन, ना पुरातन वस्तू. आणि सातारा-सांगलीच्या इतिहासातली सगळ्यांत अभिमानाची चार वर्षं नेमकी याच फटीत पडली आहेत.

त्या चार वर्षांत इथं काय झालं ते वाचकाला नव्यानं सांगायला नको. ३ सप्टेंबर १९४२ चा तासगावचा मोर्चा, ९ सप्टेंबरला वडूजला परशुराम घार्गे आणि आणखी आठ जणांचं हौतात्म्य, दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे. नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, जी. डी. बापू लाडांची तुफान सेना, ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ अडवलेली रेल्वे, २४ जुलैला सांगलीच्या तुरुंगातून वसंतदादांनी मारलेली उडी. तारखा आपल्याकडं पक्क्या आहेत, हुतात्म्यांची नावं दगडात कोरलेली आहेत. पण पोलिसांची रांग कुठं होती, पहिली गोळी किती अंतरावरून आली, हे सांगणारी माणसं आता जवळजवळ उरली नाहीत. जे उरलं असेल ते जमिनीत.

वडूजच्या कचेरीभोवतीची माती कधीच डांबराखाली गेली. सोनवडे-मणदूरचं तसं नाही. शिराळा तालुक्यात, चांदोलीच्या वाटेवरचा तो डोंगराळ भाग. २५ फेब्रुवारी १९४६ ला तिथं नागनाथअण्णा नायकवडींच्या तुकडीची पोलिसांशी चकमक झाली, किसन अहिर आणि नानकसिंग कामी आले. उघडा उतार, दगडधोंडे, झुडपं. वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली वीस-पंचवीस पोरं एका रांगेत डिटेक्टर घेऊन चालली, आणि जिथं यंत्र वाजेल तिथं नुसती झेंडी रोवत गेली, तर दोन दिवसांत त्या चकमकीचा आराखडा हाती येऊ शकतो. त्या काळातल्या खडकीच्या कारखान्यातल्या थ्री-नॉट-थ्री काडतुसांच्या बुडावर कारखान्याची खूण आणि साल ठोकलेलं असे. पुंगळी पालथी केली की ती स्वतःच बोलते. पण ती पडली होती तिथंच असेल तर.

हे माझं स्वप्नरंजन नाही, असं काम झालेलं आहे. अमेरिकेत मोंटाना राज्यात लिटल बिगहॉर्न नावाची रणभूमी आहे. १८७६ मध्ये तिथं कस्टर नावाच्या सेनाधिकाऱ्याची तुकडी लाकोटा आणि शायान लढवय्यांनी संपवली. बरोबरचा एकही गोरा शिपाई वाचला नाही, म्हणून शंभर वर्षं नुसत्या आख्यायिका चालल्या. मूळच्या लोकांनी सांगितलेलं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. ऑगस्ट १९८३ मध्ये तिथं वणवा लागून गवत जळालं, जमीन उघडी पडली, आणि पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी हौशी डिटेक्टरवाल्यांना हाताशी धरून सगळं मैदान चाळलं. प्रत्येक पुंगळीची जागा मोजली. प्रत्येक बंदुकीच्या खिळ्याचा ठसा वेगळा असतो, त्यामुळे एकाच बंदुकीच्या पुंगळ्या ओळखून ती बंदूक मैदानावर कशी सरकत गेली हे काढता आलं. लढवय्यांकडं पटापट झाडता येणाऱ्या बंदुकाही बऱ्याच होत्या, हे धातूनंच दाखवून दिलं. त्याच मैदानात एखादा माणूस आपल्या मनानं डिटेक्टर घेऊन शिरला, तर त्याच्यावर खटला होतो. यंत्र तेच. फरक कुणाच्या देखरेखीखाली चालतं याचा, आणि वहीत काय लिहिलं जातं याचा.

आता सोन्याकडं येतो, कारण या हौसेच्या पोटात सोनं असतंच. डिटेक्टर घेतलेल्या पोरांच्या मोबाईलवर दुसरे व्हिडिओ नदीत परात घेऊन सोनं गाळणाऱ्यांचे असतात. माझ्या त्या विद्यार्थ्यानंही येरळेच्या पात्रात दोन सकाळी घालवल्या होत्या. परातीच्या तळाला चमकणारी काळी रेघ राहिली, म्हणून तो हरखला होता. मी त्याला चुंबक दिला. सगळी रेघ चुंबकाला चिकटून वर आली.

आपला मुलूख काळ्या बसाल्ट दगडाचा आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. कृष्णा, कोयना, येरळा या दगडातूनच वाहतात. कर्नाटकातलं कोलार आणि हट्टी इथलं सोनं ज्या पुरातन धारवाडी खडकांत आहे, ते आपल्याकडं या लाव्हाच्या जाड थराखाली गाडलेले आहेत. झारखंडात सुवर्णरेखेच्या वाळूतून आजही कण गाळतात, केरळात निलंबूरला गाळतात. कृष्णाकाठी गाळून मिळतं ते लोहाचं काळं खनिज. सोनं पाण्याच्या १९.३ पट जड आणि ही काळी वाळू सुमारे पाचपट, म्हणून दोन्ही परातीत मागं राहतात आणि नवख्याला फसवतात. डिटेक्टरचीही हीच गत. यंत्राचं वेटोळं जमिनीत चुंबकीय लहरी सोडतं आणि धातूत उमटलेला प्रतिसाद पकडतं. बसाल्टच्या मातीत लोहखनिज इतकं असतं की स्वस्तातलं यंत्र नुसत्या धोंड्यालाही वाजतं. चांगलं यंत्रसुद्धा नाण्याएवढी वस्तू वीतभर खोलीपर्यंतच धरतं.

हे इतक्या तपशिलात सांगतोय त्याला कारण आहे. 'तीस फूट खोलीवरचं सोनं दाखवणारं यंत्र' म्हणून लाखाच्या घरात वस्तू विकल्या जातात, आणि त्या घेणारा बहुधा कर्जात बुडालेला शेतकरी असतो. गुप्तधनाच्या नादानं आपल्याकडं घरं बुडाली, माणसं मारली गेली. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनासाठी केल्या जाणाऱ्या अघोरी कृत्यांचा उल्लेख उगाच आलेला नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. ज्या कायद्यासाठी ते आयुष्यभर झटले, तो २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाल्यावर आला. मांत्रिकाच्या लिंबाच्या जागी आता काही ठिकाणी बॅटरीवरचं यंत्र आलं आहे. पोरांना यंत्र कसं चालतं आणि काय करू शकत नाही हे शाळेत दाखवलं, परातीत काळी वाळू धुऊन चुंबक फिरवायला लावलं, तर पुढं एखाद्या बापाचे लाखभर रुपये वाचतील. म्हणूनही मी बंदीच्या विरुद्ध आहे. बंदी घातलेल्या वस्तूभोवती भोंदूगिरी जास्त वाढते.

आणि सोनं गाळायची विद्या आपल्याला परक्या नदीकाठावरून शिकायची गरजच नाही. सोनारांच्या दुकानातली धूळ धुऊन कण काढणारे झारेकरी आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आणि विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, इकडं खटाव-माण, या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या, धंद्यात देशभर पसरली आहेत. भारतातलं मोठं सराफकट्ट्याचं गाव सांगा, तिथं आमच्याकडचा गलाईवाला सापडेल. जुने दागिने, सोनारी कचरा, जरीचे तुकडे. जाळायचं, कुटायचं, धुवायचं, मुशीत टाकणखार घालून वितळवायचं, तेजाबात चांदी वेगळी करायची, टंच म्हणजे धातूचा कस काढायचा आणि लगड हातात द्यायची. परातीत पाणी फिरवून गव्हाच्या दाण्याहून बारीक कण बाजूला घेणारा हात मी लहानपणी माझ्या चुलत्यांचा पाहिलाय. त्यांचं दुकान बेळगावला होतं, चाळीस वर्षं.

या लेखातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट मला त्याच दुकानात कळली.

पहिल्या महायुद्धात लढलेल्या शिपायांना इंग्रज सरकारनं चांदीचं पदक दिलं. सुमारे अडीच-तीन तोळ्यांचं, एका अंगाला पंचम जॉर्जचं मुंडकं. त्याच्या कडेवर, अगदी बारीक अक्षरांत, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावचे ४६ जण त्या युद्धात कामी आले, आणि तिथं त्यांचं स्मारक आहे. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होत्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ मधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात घोड्याचं मांस खायची वेळ आलेल्या सैन्यात त्या होत्या. वाचले ते परत आले, जमीन कसू लागले, आणि पदक फडताळात गेलं. नातवंडांच्या हातात ते चांदीचा तुकडा म्हणून आलं. १९८० च्या सुरुवातीला चांदी जगभर भडकली, तेव्हा बेळगावच्या दुकानात अशी पदकं यायची, असं चुलते सांगतात. बेळगाव म्हणजे मराठा पलटणींचं गाव, पेन्शनरांची घरं भोवताली. ती सगळी मुशीत गेली.

चुलते आता ऐंशीच्या पुढं आहेत, गावी असतात. त्यांच्या वह्या त्यांनी जपून ठेवल्यात. मी त्या चाळल्या. तारीख आहे, वजन आहे, टंच आहे, दिलेली रक्कम आहे. नाव कुठंच नाही. "वाचायचो की रं कडंवरचं," ते म्हणाले. "इंग्रजी येत हुतं तेवढं. पर लिवून ठेवावं असं कुणाच्या ध्यानात येतंय?"

राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगानं २०२१ च्या आपल्या अहवालात कबूल केलंय की पहिल्या महायुद्धातल्या पंचेचाळीस ते चोपन्न हजार मृतांचं, ज्यांत भारतीय मोठ्या संख्येनं होते, स्मरण गोऱ्या सैनिकांच्या बरोबरीनं झालं नाही, आणि एक लाख सोळा हजार तरी असे आहेत ज्यांचं नावानिशी स्मरण झालंच नाही. साम्राज्यानं आपल्या माणसांची नावं दगडावर घालायची टाळली, याची चीड येते. ती रास्तच आहे. पण जे जगून परत आले, त्यांची चांदीवर कोरलेली नावं आपण आपल्या हातानं वितळवली, हेही मला बोललं पाहिजे. तराजू लावून बसलेल्या १८७८ च्या कायद्यात आणि चुलत्यांच्या वहीत मला फरक दिसत नाही. वजनापलीकडचा रकाना दोन्हीकडं कुणी भरून घेतला नाही.

म्हणून मी जी व्यवस्था मागतो, तिचा एक पाय शेतात आहे आणि दुसरा गलाईच्या दुकानात.

शेतातली बाजू अशी. डिटेक्टर वापरायचा त्यानं तहसील पातळीवर नाव नोंदवावं, एक दिवसाचं शिक्षण घ्यावं. जमीनमालकाची लेखी संमती हवी. गड, लेणी, देवळं, समाध्या यांच्या आवारात यंत्र न्यायचंच नाही. संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढं दोनशे मीटर नियंत्रण कायद्यानं आहेच, तो सगळा पट्टा डिटेक्टरलाही बंद असावा. अजिंक्यताऱ्याचे उतार तर कायमचे बंद. १७०० च्या एप्रिलमध्ये औरंगजेबाच्या वेढ्यात सुरुंग उलटून मोगलांचीच माणसं तटाखाली गाडली गेली, ती जागा ज्या दिवशी उकरायची त्या दिवशी ती पुरातत्त्वज्ञांनी उकरावी. शेतात नांगराच्या तासाखाली खणायचं नाही. ही अट मला फार मोलाची वाटते. नांगरानं उलथलेली माती आधीच विस्कटलेली असते, तिच्यातली वस्तू उचलल्यानं थरांचं नुकसान होत नाही. त्याखाली मात्र जे जसं पडलंय तसंच आहे. आणि सापडलं की गट नंबर, मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो, तारीख. मगच हात लावायचा.

जिवंत काडतूस किंवा गोळा दिसला तर हातही लावायचा नाही, मागं सरून पोलिसांना फोन. नगरच्या के. के. रेंजसारख्या सरावक्षेत्रांभोवती भंगारासाठी गोळे उचलताना माणसं मरतात, हे वर्षानुवर्षं चाललंय.

यावर पुरातत्त्वातल्या जाणकारांचा आक्षेप मला माहीत आहे आणि तो मी हलका समजत नाही. ते म्हणतात, माती हीच सगळ्यांत चांगली तिजोरी. आज हौशी पोरं काढतील त्यापेक्षा उद्या शास्त्रीय उत्खनन होईल तोवर राहू द्या. पन्नास वर्षांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं. आज आमच्या तालुक्यात टेंभू उपसा योजनेचं पाणी आलंय. तीन पिढ्यांनी ज्याची वाट पाहिली ते पाणी. माझ्या डोळ्यांसमोर माळ हिरवे झाले, आणि त्याबद्दल माझ्या मनात आनंदाशिवाय दुसरं काही नाही. पण पाणी आलं की पहिला येतो जेसीबी. टेकाडं कापून सपाटीकरण, मुरूम उचलून दुसरीकडं भरणं, मग उसाची खोल नांगरट, मग खतं, ज्यांच्या क्षारांनी तांबं खाल्लं जातं. नदीपात्रातून वाळू उपसली जाते ती वेगळीच. बाणूरगडाच्या पायथ्याचं ते चार एकर रान दोन वर्षांत एका पातळीत येईल. तिथं तिजोरी राहणार नाही. मातीत ठेवा हा सल्ला जिथं माती जागेवर राहणार आहे तिथं मी मान्य करतो; सपाटीकरणाच्या आधी मात्र डिटेक्टरची एक फेरी झालीच पाहिजे, आणि ती करायला सरकारी खात्याकडं माणसं नाहीत. पोरांकडं वेळ आहे, हौस आहे, यंत्र आहे.

इंग्लंडमध्ये असा प्रयोग बरीच वर्षं चालू आहे. १९९६ चा त्यांचा कायदा आणि १९९७ पासूनची ऐच्छिक नोंदणीची योजना. प्रत्येक भागात एक जाणता अधिकारी असतो, हौशी लोक सापडलेलं त्याला दाखवतात, तो नोंद करून वस्तू परत देतो. दहा लाखांहून जास्त वस्तू अशा नोंदल्या गेल्या. लोकांना दिसणाऱ्या नकाशावर जागा मुद्दाम ढोबळ ठेवतात, म्हणजे चोरांना पत्ता मिळत नाही. रात्री चोरून खणणारे तिथंही आहेतच. आणि त्यांची एक गोष्ट मला नको आहे. तिथं धनाच्या व्याख्येत न बसणारी वस्तू बहुधा सापडणाऱ्याकडं आणि मालकाकडं राहते, विकताही येते. सोनवड्याची पुंगळी उद्या कुणी ऑनलाइन लिलावात लावावी, हे मला सहन होणार नाही. आपल्याकडं मोबदला द्यावा, नाव लावावं, पण वस्तू जिल्ह्याच्या संग्रहालयात जावी. सातारला संग्रहालय आहे, महाविद्यालयांत इतिहासाचे विभाग आहेत, देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्यातच आहे. मुलं पाठवायची ठरवली तर कुठून आणायची हा प्रश्न नाही.

नोंद घ्यायला मात्र कुणीतरी खुर्चीत बसलेलं हवं. त्या तीन गोळ्या घेऊन मी आणि तो विद्यार्थी एका कचेरीत गेलो होतो. समोरचा माणूस सभ्य होता, पाणी दिलं त्यानं. पहिला प्रश्न विचारला, "किंमत किती होईल?" आम्ही म्हणालो, काहीच नाही. मग कशाला आलात, असं त्याच्या चेहऱ्यावर उमटलं. मला त्याला दोष द्यावासा वाटत नाही. त्याच्यापुढच्या कागदात वेगळं काही विचारलेलं नव्हतं.

गलाईची बाजू त्याहून सोपी आहे, तिला सरकारही लागत नाही. मुशीत काही टाकण्याआधी, त्यावर अक्षर असेल, शिक्का असेल, मुंडकं असेल, तर एक फोटो. दोन्ही अंगांचा, पदक असेल तर कडेचाही. कुठल्या गावचं गिऱ्हाईक, एवढं लिहून ठेवायचं. गिऱ्हाइकाचं नाव नको, त्याला भीती नको. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंवर कायदा लागू होतो, तो समजावून सांगायचा, आणि शक्य असेल तिथं वितळवूच नये म्हणून विनवायचं. धंद्याच्या संघटना आहेत, दसऱ्याला विट्यात पालख्यांची शर्यत बघायला माणसं देशभरातून गावी येतात. तेव्हा चार मोठ्यांनी उभं राहून हे सांगितलं, तर काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या दुकानांत ते पोचेल. इतकं पसरलेलं, धातू ओळखणारं आणि एकमेकांच्या शब्दाला मान देणारं माणसांचं जाळं कुठल्याही पुरातत्त्व खात्याकडं नाही.

बेळगावचं दुकान आता माझा पुतण्या चालवतो. मी हे सगळं त्याच्या कानी घातलं तेव्हा तो नुसता हो हो म्हणाला होता. गणपतीच्या आधी त्याचा फोटो आला. चांदीचं पदक, मुंडकं झिजलेलं, कडेवर नंबर, सिपॉय हा हुद्दा, एक नाव आणि पुढं ११० मराठा पलटण. आणणाऱ्याला ते कुणाचं हे ठाऊक नव्हतं. जुन्या घराच्या सामानात मिळालं म्हणाला. पुतण्यानं चांदीच्या भावानं पैसे मोजून दिले आणि पदक गल्ल्याच्या वरच्या खणात ठेवलं. कडेवर गाव कोरलेलं नसतं. चुलत्यांनी नाव तीनदा मोठ्यानं वाचून घेतलं, म्हणाले, आडनाव आपल्या अंगचं वाटतंय, खटावकडचं असंल. आता मी सैनिकांच्या जुन्या याद्या आणि गावोगावच्या शाळांची दाखला-रजिस्टरं बघत फिरतोय.

माझा तो विद्यार्थीही सोबत असतो. त्याच्या रानातलं सपाटीकरण दिवाळीनंतर आहे. त्याआधी रान मोकळं होईल तेव्हा आम्ही दोघं पुन्हा एकदा, या वेळी दोरी आणि वही घेऊन, बांधापासून सुरुवात करणार आहोत.